वाड्यातल्या कोनाड्यात दहा लिटरचा गेमिंग पीसी: पुण्याच्या उन्हाळ्यात टिकेल का?

पुणे_३० (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खोली दहा बाय अकरा. कॉट, लोखंडी कपाट आणि एक टेबल एवढंच मावतं. टेबलावर २७ इंची मॉनिटर आहे, १४४०पीचा. मॉनिटर ठेवल्यावर टेबलावर कीबोर्डापुरती जागा उरते. खाली पाय ठेवायच्या जागेत पावसाळी बूट, सिलेंडर आणि पाण्याचं पिंप. म्हणजे नेहमीच्या उंच कॅबिनेटचा प्रश्नच मिटला.

टेबलाच्या डाव्या हाताला भिंतीत एक कोनाडा आहे. पूर्वी तिथे समई ठेवायचे असं मालकीणबाई सांगतात, वरच्या बाजूला काजळी अजून दिसते. टेपने मोजला: रुंदी १६ इंच, उंची १८ इंच, खोली ११ इंच. पीसी त्या कोनाड्यात बसवावा अशी फार इच्छा आहे.

कॅबिनेट म्हणून फ्रॅक्टलचं टेरा डोळ्यासमोर आहे. आकारमान १०.४ लिटर, मापं ३४३ × १५३ × २१८ मिमी. आत मिनी-आयटीएक्स (छोट्या मापाचा) बोर्ड, रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम. बजेट मॉनिटर सोडून दीड लाख, त्यातले साठ हजार गेल्या दिवाळीपासून बाजूला टाकलेत. खुल्या जगाचे मोठे खेळ एकट्याने खेळायला आवडतात, आणि रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन वर्षांत ते पोटापाण्याचं साधन व्हावं अशी धडपड आहे.

भीती एकच. खोलीला पश्चिमेची खिडकी आहे आणि वर पत्रा. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सातलासुद्धा भिंत हाताला गरम लागते. एवढ्याशा डब्यात एवढं सामान घातलं तर ते चालेल का, की दर वेळी गरम होऊन बंद पडेल? पैसे एकदाच घालवता येणार आहेत, म्हणून कोणी प्रत्यक्ष बांधलेला असेल त्याने सांगावं.

हडपसर_नाइट्स

भावा, गेमिंग लॅपटॉप घे आणि मोकळा हो. जागेचा प्रश्न संपला, यूपीएस नको, गावी जाताना पाठीवर टाकून नेता येतो.

पुणे_३०

लॅपटॉपचा विचार महिनाभर केला. पण लॅपटॉपवर ५०७० लिहिलेलं असलं तरी त्याला ८ जीबी मेमरी येते, डेस्कटॉपच्या ५०७०ला १२ जीबी. नाव एक, चिप वेगळी. ब्लेंडरमध्ये माझे सीन आत्ताच मित्राच्या ८ जीबीच्या कार्डावर अडतात. शिवाय तीन वर्षांनी नुसतं कार्ड बदलायचं म्हटलं तर लॅपटॉपमध्ये तो रस्ता नाही.

पिंपळे_सौदागर

मी कूलर मास्टरचा एनआर२०० वापरतो. १८ लिटर. लहानात मोठा म्हणा. ३३० मिमीपर्यंतचं तीन स्लॉटचं कार्ड बसतं, प्रोसेसरचा १५५ मिमीपर्यंतचा टॉवर कूलर बसतो आणि रायझर केबलची (बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या पट्टीची) भानगड नाही, कार्ड सरळ बोर्डात. पहिल्यांदाच बांधत असाल तर हाच घ्या. हात आत जातो, स्क्रू पडला तर सापडतो. फक्त लांबी ३७६ मिमी आहे, त्यामुळे तुमच्या कोनाड्यातून जवळजवळ चार इंच बाहेर येईल. तेवढं चालवून घेता येत असेल तर बघा.

वारजे_वर्कशॉप

पुणे_३०, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी नोकरीने मशीन डिझाइनवाला आहे, आणि २०२३च्या एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात, दहा लिटरच्या डब्यात पीसी बांधला. रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ४०७०. अजून रोज चालतो, लेकही त्यावरच खेळते. त्यामुळे टिकतो का, याचं उत्तर हो. पण कसा टिकतो ते सविस्तर सांगतो, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली गोष्ट वॉटची. पीसी जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. कूलर उष्णता मारत नाही, ती फक्त धातूकडून हवेकडे पोचवतो. ३५० वॉटचा पीसी तीन तास खेळलात की एक युनिट वीज तुमच्या खोलीत शेगडीसारखी जळली. कॅबिनेट मोठं असो की छोटं, हा आकडा तोच. छोट्या कॅबिनेटमध्ये फरक एवढाच की गरम हवा लवकर बाहेर गेली नाही तर तीच पुन्हा आत ओढली जाते. म्हणून महागडा कूलर शोधण्याआधी वॉट कमी करा. यात मी आधी उलटं केलं आणि दोन कूलर बदलले.

वॉट कमी केल्याने वेग फारसा का जात नाही, तेही समजून घ्या. चिपची वीज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कंपन्या शेवटचा थोडासा वेग काढण्यासाठी व्होल्टेज भरपूर चढवतात. ते १.०५ व्होल्टवरून ०.९५वर आणलं तर नुसत्या वर्गाच्या हिशोबाने जवळजवळ अठरा टक्के वीज तिथेच वाचली. माझं ४०७० कार्ड कागदावर २०० वॉटचं. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा कर्व्ह खाली ओढून ते १६० वॉटवर आणलं. एका खेळात त्याच जागी उभं राहून मोजलं: आधी सेकंदाला ९६ फ्रेम, नंतर ९२. चार फ्रेमसाठी चाळीस वॉट! ते चाळीस वॉट माझ्या खोलीत नकोत हे त्या दिवशी ठरलं.

तुमची ५०७० २५० वॉटची आहे. ती २०० ते २१०वर आणा. एकदम टोकाला जाऊ नका. व्होल्टेज थोडं थोडं कमी करत प्रत्येक टप्प्यावर तासभर खेळा, आणि ब्लेंडरचा एक लांब रेंडर (सीनवरून चित्र बनवण्याचं काम) लावा. खेळात टिकलेलं सेटिंग रेंडरमध्ये कोसळतं, हा माझा अनुभव.

प्रोसेसरबद्दल. ७८००एक्स३डी खेळताना फार कमी वीज खातो, छोट्या डब्याला तो खरंच चांगला आहे. पण १४४०पीवर ५०७० असेल तर बहुतेक वेळा कार्डच आधी दमतं, प्रोसेसर वाट बघत बसतो. मी तुमच्या जागी असतो तर ७६०० घेतला असता आणि उरलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि २ टीबीची एसएसडी. दोघांचं सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एएम५च आहे, पुढे एक्स३डी टाकता येईल. मात्र दोन-तीन हजार वाचवायला ७५००एफ घेऊ नका. त्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही. याचं कारण पुढे येतंय.

रायझर केबल. टेरासारख्या कॅबिनेटमध्ये बोर्ड एका बाजूला आणि कार्ड दुसऱ्या बाजूला, पाठीला पाठ लावून बसतं. दोघांना जोडणारी चपटी पट्टी म्हणजे रायझर. मी कॅबिनेट जुनं घेतलं होतं, आणि त्यातला रायझर पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) तिसऱ्या पिढीचा होता. कार्ड चौथ्या पिढीचं. सगळं जोडलं, पंखे फिरले, लाइट लागले, स्क्रीन काळी. दोन रात्री गेल्या. रॅम काढून बघितली, प्रोसेसर काढून पिना भिंगाने तपासल्या, कार्ड पिशवीत घालून भर उन्हात टिळक रोडला नेलं. दुकानातल्या मुलाने उघड्या बोर्डावर लावलं तर लगेच चालू! घरी आलो, पुन्हा काळी. पैसे पाण्यात गेले असं वाटून त्या रात्री जेवणसुद्धा गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, मॉनिटरची केबल दुसरीकडे लावून बघ की. बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला लावली आणि चित्र आलं, कारण ७६००मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स असतं. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पीसीआयईचं सेटिंग ऑटोवरून जेन ३, म्हणजे तिसरी पिढी, केलं, केबल परत कार्डाला लावली, आणि पीसी सुरू. बिघाड कशातच नव्हता. बोर्ड आणि कार्ड चौथ्या पिढीच्या वेगाने बोलायला जात होते आणि मधली पट्टी ते झेपत नव्हती.

टेराबरोबर येणारा रायझर चौथ्या पिढीचा आहे आणि ५०७० पाचव्या पिढीचं कार्ड. तुमच्या बोर्डाचा स्लॉट पाचव्या पिढीचा असेल तर पहिल्या दिवशीच बायोसमध्ये तो जेन ४ करून टाका. खेळात त्याने जाणवेल असा फरक पडत नाही.

आता मिलिमीटर. टेरात मधला कणा सरकवता येतो. कूलरची उंची आणि कार्डाची जाडी मिळून साधारण १२० मिमी वाटून घ्यायचे: कूलरला जास्तीत जास्त ७७ दिले तर कार्डाला ४३ उरतात. म्हणून आधी कार्ड ठरवा, मग कूलर. कार्ड ५० मिमी जाडीचं असेल तर थर्मलराइटचा ६७ मिमीचा एएक्सपी१२० बसेल, पण रॅम बुटकी हवी. लाइटवाली उंच रॅम त्याच्या पंख्याला अडते. एनव्हिडियाने २०२४मध्ये छोट्या कॅबिनेटसाठी कार्डांची मापं ठरवून दिली: लांबी ३०४ मिमी, जाडी ५० मिमी, आणि उंची वायरीच्या वळणासकट १५१ मिमी. खोक्यावर ‘एसएफएफ-रेडी’ असं लिहिलेलं असतं. पण टेराचं माप वेगळं आहे, तेव्हा शिक्का दिसला तरी प्रत्येक आकडा टेराच्या आकड्याशी ताडून बघा.

कार्डाच्या १६ पिनांच्या वायरीला डोक्यापासून निदान ३५ मिमी सरळ ठेवायचं आणि मगच वळवायचं. झाकण लावताना वायर दाबली जाते आणि प्लग किंचित तिरका होतो. अर्धवट बसलेला तो प्लग वितळू शकतो. प्लग पूर्ण आत गेलाय का ते नखाने फट चाचपून बघा, मोबाइलचा टॉर्च पाडून बघा, तरच झाकण लावा. माझ्या डब्यात कूलर ४७ मिमीचा आणि जागा ४८ची. झाकण लावलं की पंखा आणि जाळी यांच्यात पोस्टकार्ड कसंबसं सरकतं. एकदा पंख्याचीच वायर जाळीकडे फुगली आणि पात्याला घासायला लागली. आवाज बारीक, सायकलच्या आऱ्यात कागद अडकावा तसा. तेव्हापासून प्रत्येक वायर बांधूनच ठेवतो.

एसएमपीएस एसएफएक्स या छोट्या मापाचाच, ६५० वॉट, गोल्ड दर्जाचा. १२५ × १०० × ६३.५ मिमी. त्यातही कंजुषी नको.

आणि शेवटी कोनाडा. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. माझा पीसी सुरुवातीला टीव्हीच्या शोकेसमध्ये होता, तीन बाजू बंद, पुढची उघडी, तुमच्या कोनाड्यासारखीच जागा. बाहेर टेबलावर कार्ड ७१ अंशांवर स्थिरावायचं. शोकेसमध्ये चाळीस मिनिटांत ८४. मी देवघरातली उदबत्ती आणली आणि खेळ चालू ठेवून कॅबिनेटच्या कडेने फिरवली. वरच्या जाळीजवळ धूर झटक्यात वर गेला, शोकेसच्या फळीला आपटला, दोन्ही बाजूंनी खाली उतरला आणि बाजूच्या जाळीतून सरळ आत खेचला गेला. तेव्हा कळलं की पंखे स्वतःचीच गरम हवा पीत होते. पंखा वाढवून उपयोग नव्हता. त्याच संध्याकाळी शोकेसमधून काढला.

तुमच्या कोनाड्यावर काजळी आहे म्हणालात. समईचा धूरसुद्धा वरच साठत होता, ती खूण बघा.

पुणे_३०

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. काल रात्री जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून टेराच्या मापाचा डबा बनवला आणि कोनाड्यात ठेवून बघितला. सरळ आत ढकलला तर कॅबिनेटच सहा-साडेसहा सेंटीमीटर बाहेर येतं. शिवाय मागे वायरींची डोकी, त्यांना आणखी पाच-सहा सेंटीमीटर हवेत. आडवा ठेवला तर बसतो, पण कडेला जेमतेम सहा सेंटीमीटर उरतात, तिथे डिस्प्ले पोर्टची केबल वळवताना मोडेल असं वाटतं. आणि कार्डाची बाजू भिंतीकडे जाते. नुसती वेबसाइटवरची मापं बघून हे लक्षात आलं नसतं.

७६००चं पटलं. एक वेगळं विचारतो. वाड्यातल्या प्लगला मोबाइलचा चार्जर लावून स्टीलच्या कपाटाला हात लागला तर कधीकधी मुंग्या येतात. टेरा अॅल्युमिनियमचं आहे. काही धोका?

डेक्कनची_इलेक्ट्रिकवाली

धोका आहे, आणि पीसीच्या आधी हे काम करा. मी वायरिंगचीच कामं घेते, पेठांतले वाडे भरपूर पाहिलेत. जुन्या वायरिंगला दोनच तारा असतात. नंतर कोणीतरी तीन भोकांचं सॉकेट बसवतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. दिसायला अर्थिंग, प्रत्यक्षात काही नाही.

पीसीच्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटची बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, सव्वाशेच्या आत-बाहेर, तरंगत राहते. करंट अगदी थोडा, म्हणून मुंग्याच येतात. पण आत खरंच काही बिघडलं आणि फेज बॉडीला लागला तर वाचवणारं कोणी नसतं. कपाटाला मुंग्या येतात म्हणजे तर भिंतीतली एखादी तार किंवा तिथली ओल तपासायलाच हवी, ती नुसत्या चार्जरची गोष्ट नसावी. तोवर ओल्या हाताने आणि अनवाणी कपाटाला हात लावू नका.

मालकीणबाईंशी बोला. चांगल्या इलेक्ट्रिशियनला मीटर घेऊन बोलवा. फेज ते अर्थ २३०च्या आसपास दाखवायला हवं आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडून देणारा कोणी भेटला तर त्याला परत पाठवा, ते जिवावर बेतणारं काम आहे. अर्थिंगची स्वतंत्र तार खालच्या मीटरपर्यंत आणून घ्या, आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. खर्च तुमच्या एका एसएसडीपेक्षा जास्त होणार नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा घेऊ नका, त्यावर साधारण ३६० वॉटच मिळतात, खेळताना वीज गेली की तोही जाईल. ११०० व्हीएचा घ्या, प्युअर साइन वेव्ह मिळाला तर उत्तम. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा रात्रभराचा रेंडर लावून झोपू नका, एवढं लक्षात ठेवा.

पिंपळे_सौदागर

अर्थिंगचं ताईंनी लिहिलं ते लाखमोलाचं. मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे कधी तपासलंच नाही, उद्याच बघतो.

पुणे_३०

दहा दिवसांनी लिहितोय. ताई, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. सॉकेटच्या वरच्या भोकामागे तार नव्हती. कपाटामागच्या भिंतीत एक जुना जोड होता, त्याची टेप गळून पडलेली आणि पावसाळ्यातली ओल आलेली. मालकीणबाईंनी बघितलं आणि त्या खाली बसूनच राहिल्या, म्हणाल्या, माझी नातवंडं सुट्टीत याच खोलीत झोपतात. त्यांनी स्वतःच्या खर्चाने सगळ्या वरच्या मजल्याची अर्थिंग करून घेतली. मीटरवर फेज-अर्थ २३४, न्यूट्रल-अर्थ १.८. कपाट आता गप्प आहे.

पीसीचं म्हणाल तर ७६०० आणि बोर्ड आलं, कार्ड आणि कॅबिनेट पुढच्या आठवड्यात. कोनाड्याचा नाद सोडला. त्याच्या तोंडाशी, टेबलापासून वीतभर वर, भिंतीला सागाची फळी ठोकून घेतोय. कॅबिनेट फळीवर, दोन्ही बाजू मोकळ्या, वर फक्त छत. कोनाड्यात यूपीएस ठेवणार होतो, पण बॅटरीलाही उष्णता सोसत नाही असं वाचलं, म्हणून तो खाली दाराजवळ. कोनाड्यात मालकीणबाईंनी समई परत ठेवली आहे.

काका, एक विचारायचं राहिलं: फळीची खोली किती घेऊ? कॅबिनेट ३४३, मागे वायरींना ६०, म्हणजे चारशे मिमी बास होईल ना?

वारजे_वर्कशॉप

साडेचारशे घ्या. वायर ओढली जाऊन कॅबिनेट पुढे सरकतं आणि पुढचे पाय कडेवर येतात. फळीच्या पुढच्या काठाला अर्ध्या इंचाची पट्टीही मारून घ्या. जोडायला बसाल तो रविवार आधी कळवा, माझ्याकडे लांब दांड्याचा चुंबकी स्क्रूड्रायव्हर आहे, घेऊन येतो. उदबत्तीही आणतो.